बांधावरचे पाच खैर

वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कल्याणला होते, त्या आठवड्यात चुलत्याने आमच्या बांधावरचे पाच खैर तोडले. किन्हवलीजवळचं ते शेत वडिलांच्या वाटणीचं. घरी आल्यावर ते काळा चष्मा लावून बांधावर गेले, बुंध्यांवरून हात फिरवला आणि तसेच परतले.

मी मात्र चुलत्याला चावडीपुढे गाठलं.

"खैर? बाभळी होत्या त्या, सरपणाला तोडल्या," तो चारचौघांत म्हणाला. "तुझ्या बापाला दिसत नाय, आन् तू वाशिंदला कारखान्यात डबे भरतेस. तुला काय कळतंय झाडातलं?"

लोक हसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा माणूस याच लोकांसमोर खाली मान घालेल तेव्हाच गप्प बसायचं, असं मी ठरवलं.

महिनाभर त्याच्या घरावरून येता-जाता बघत राहिले. खोडं केव्हाच विकली गेली होती, पण माणूस हावरा. फांद्याही फुकट घालवल्या नव्हत्या. गुरं शिरू नयेत म्हणून परसातल्या भाजीभोवती त्यांची काटेरी वई घातली होती. गोठ्यामागे ताडपत्रीखाली दोन ओंडकेही होते. खैर स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. मी शहापूरला जाऊन वनखात्यात लेखी तक्रार दिली.

वनरक्षक आले तेव्हा अर्धं गाव जमलं. चुलता पान चघळत म्हणाला, "बाभूळच आहे, साहेब."

मी वईतली फांदी ओढली. "बाभळीचा काटा सरळ, लांब, पांढरा. हा बघा. आखूड, काळपट, मांजराच्या नखासारखा वाकडा, आणि जोडीजोडीनं." फांदीवर सुकलेल्या शेंगा होत्या. "बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी असते. ही सपाट, पातळ." मग ओंडक्यावरची ताडपत्री काढली. सालीचे लांब पापुद्रे सुटले होते. कडेचं लाकूड फिकट, आतला गाभा लालभडक. "काका, तुमच्या तोंडातल्या पानाला काथ लागलाय ना? तो ह्याच्यातूनच निघतो."

या वेळी लोक त्याला हसले. वनरक्षकांनी पंचनामा लिहायला घेतला.

आठ दिवसांनी तो आमच्या ओटीवर आला. "पोरी, माघार घे. घरातली गोष्ट आहे."

"आधी बाबांना सांगा, काय तोडलंत ते."

तो वडिलांकडे न बघता म्हणाला, "खैर होते, दादा. पाच."

वडिलांनी मान हलवली. "मला हाताला कळलं होतं," एवढंच बोलले आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

चहा मी केला नाही. माघारही घेतली नाही. वडिलांनी त्याला माफ केलं असेल, तो त्यांचा भाऊ आहे. मी नाही केलं. अजून तो कोर्टाच्या तारखेसाठी शहापूरला जातो. कधी एसटी स्टँडवर समोर आला की तोच नजर चुकवतो. मी चुकवत नाही. त्याची गाडी सुटेपर्यंत बघत उभी राहते.