तिचा डावा पाय

मी चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत देशासाठी धावले, हे नांदेडात मला कुणाला सांगावं लागत नाही. मी शिकवते त्या कॉलेजने माझा भलामोठा फोटो जिमखान्याच्या दारावरच लावला आहे. त्यात मी हर्डलवर आहे, उजवा पाय पुढे. लातूरच्या मातीच्या मैदानावर शिकलेली पोर परदेशात धावून आली, याचं गावाला कौतुक होतं आणि मला जरा जास्तच होतं. त्या कौतुकापायी मी एका मुलीची धाव घालवली.

ती निलंग्याजवळच्या खेड्यातून आली होती. पहिल्या दिवशी मी तिला हर्डल ओलांडायला सांगितलं, तर शेताचा बांध ओलांडावा तशी सहज गेली. फक्त डावा पाय पुढे टाकून. मी शिट्टी मारली.

"उजवा टाक."

"मॅडम, मला असंच जमतंय."

"लग्नानंतर उंबरा ओलांडताना कोणता पाय टाकणार आहेस मग?"

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. तीही हसली, आणि उजवा पाय टाकायला लागली.

खरं तर वळणावर डावा पाय पुढे असलेला फायद्याचाच. ट्रॅक डावीकडे वळतो, अंगही तिकडेच झुकतं. हे कुठल्याही प्रशिक्षकाला माहीत असतं, मलाही होतं. पण मी जिंकले होते उजव्यावर. डाव्या पायाच्या मुलीकडे बघताना ती नेमकी कुठे चुकते ते मला चटकन दिसायचं नाही, आणि मला दिसत नाही हे मला सोसायचं नाही. म्हणून मी माझंच घोडं पुढे दामटलं. वर्ष सरलं तरी तिची वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली. तेव्हा तरी "परत डाव्यावर ये" म्हणायला हवं होतं. पण मग वर्षभर मीच चुकले, हे सगळ्या पोरींसमोर कबूल करावं लागलं असतं. मी मूग गिळून गप्प बसले.

विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला तिचे वडील आले होते. ऊसतोड चालू असताना एक दिवस काढून, पहाटेची एसटी धरून. पहिल्या दोघींत आली तर संघात जागा, असा हिशोब होता. शेवटच्या वळणापर्यंत ती दुसरी होती. आठव्या हर्डलपाशी ती दमली आणि दमलेलं अंग माझं ऐकेना. डावा पाय आपोआप उठला, तेवढ्यात तिला माझा धाक आठवला असावा, तिने पाय बदलला आणि हर्डलसकट खाली आली.

गुडघा सोलला होता, बाकी काही नव्हतं. वडील धावत आले. "काय झालं हो मॅडम?"

"लक्ष नव्हतं तिचं," मी म्हणाले.

चोराच्या उलट्या बोंबा. ती गुडघ्यावरची माती झाडून वडिलांमागे निघाली. पुढच्या सत्रात ती मैदानावर आली नाही, आणि लाज वाटते सांगायला, मला सुटल्यासारखं झालं.

गेल्या हिवाळ्यात अहमदपूरला शालेय स्पर्धांसाठी पंच म्हणून गेले. तिथे ती भेटली, एका शाळेची क्रीडाशिक्षिका म्हणून. वाकून पाया पडली. "ह्या माझ्या मॅडम," म्हणून तिने मुलींना माझी ओळख करून दिली. मग मुलींचा सराव सुरू झाला. एक चिमुरडी डावा पाय पुढे टाकून झकास गेली, तर ही ओरडली, "डावा न्हाई गं, उजवा! कितींदा सांगू तुला!"

मी तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगून टाकलं. वळणाचं सांगितलं, माझ्या हट्टाचं सांगितलं, कळूनही गप्प बसल्याचं सांगितलं. "तू पडलीस ती माझ्यामुळे," मी म्हणाले.

"तुम्हाला तवाच माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर चार शब्द सुनावेल. मला ते चाललं असतं. तिने त्या चिमुरडीला हाक मारून सांगितलं, "तुझा डावाच राहू दे." मग पर्समधून फोन काढला आणि नंबर लावून माझ्या हातात दिला.

"हे आमच्या अण्णांना सांगा. माझं सांगितलेलं त्यांना कधी पटलं न्हाई."

मी हॅलो म्हणताच तिचे म्हातारे वडील आवाज ओळखून खूश झाले. "मॅडम! लई दिसानं आठवण काढली. बऱ्या हायेत न्हवं?" धीर सुटायच्या आत मी एका दमात बोलले. त्या दिवशी तिचं पूर्ण लक्ष होतं, अण्णा. चूक माझी होती आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग घरी नेऊन मी तिला मारलं, ते?"

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती समोरच उभी होती. मी फोन तिच्यापुढे धरला, पण तिने तो घेतला नाही.