शिशाच्या भट्टीशी भांडलेली आजी

"झाडू नगं, पूस!" असं ओरडत ती बादलीभर पाणी थेट झाडणारीच्या पायांवर ओतायची. केरसुणी घेऊन अंगणात उतरायला आमच्या गल्लीतल्या बायका भ्यायच्या. मी तिथली अंगणवाडी सेविका. एकदा मी अंगणवाडीचा ओटा झाडत होते, तर माझी केरसुणी हिसकून तिनं गुडघ्यावर मोडली. "बाई, ही धूळ लेकरांच्या पोटात जाती की!"

अशी भांडखोर म्हातारी तुम्हीही कुठं ना कुठं पाहिली असेल. ही मात्र भांडायला लागली त्याला कारण होतं.

मूळची मंद्रूपकडची, मेंढरांमागं वाढलेली. सून बाळंतपणात गेली, तेव्हा नातीला सांभाळायला ती सोलापुरात मुलाकडं आली. मुलगा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका मालकासाठी जुन्या बॅटऱ्या फोडायचा आणि त्यातलं शिसं वितळवायचा. नात त्याच अंगणात रांगली. पुढं पोर सारखी पोट धरून रडायला लागली, शिकलेले शब्द विसरायला लागली. एका दुपारी अंगणवाडीतच तिला झटके आले. मी आणि म्हातारीनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरीच्या रक्तात शिसं आहे. भट्टीचा धूर, अंगणातली धूळ, बापाचे कपडे, सगळ्यातून ते अंगात जातंय. भट्टी आधी हलवा. आणि घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा."

घरी येताच म्हातारीनं जळणातलं लाकूड उचललं आणि पोटच्या मुलाला बडवून काढलं. "माझी नात जाळतूस व्हय रं त्या भट्टीत?" तो मार खात राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "आये, मग खायाचं काय?" म्हातारी पहार घेऊन शेडमध्ये गेली आणि भट्टी जमीनदोस्त केली.

त्यानंतर गल्लीभर तिचं ते पाणी ओतणं सुरू झालं. ते चालू असतानाच एका सकाळी मालक भट्टी परत बांधायला दोन माणसं आणि विटा घेऊन आला. म्हातारी शेडच्या दारात पहार धरून उभी. मी पोलिसांना फोन केला आणि तिचा दंड धरला, "मावशी, बाजूला व्हा हो."

"तू पोरीला धर. मला नगं धरू."

मालकानं तिला ढकललं. तिनं पहार फिरवली, त्याच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच्या एका माणसानं लोखंडी पाइप तिच्या डोक्यात घातला. ती पडली, रक्तानं डोळे भरले, तरी तिनं त्या माणसाचा पाय धरून कडकडून चावा घेतला. त्यानं पाइप पुन्हा हाणला. तोवर मालकाच्या बाजूला मान खाली घालून उभा असलेला तिचा मुलगा गुरासारखा हंबरला आणि त्याच्यावर तुटून पडला. पोलिसांनी ओढून काढेपर्यंत तो त्याचं तोंड ठेचत होता.

म्हातारी शुद्धीवर आलीच नाही.

मालकावर आणि त्या माणसावर खटला चालू आहे, मुलगाही जामिनावर आहे. भट्टी परत बांधली गेली नाही. आम्ही बायकांनी महापालिकेच्या मागं लागून अंगणातली माती उचलायला लावली. मुलगा आता टॉवेलच्या कारखान्यात जातो. नातीचे झटके थांबलेत, पण बरोबरीच्या पोरांपेक्षा ती मागं आहे, बोलायला शब्द शोधत राहते.

परवा खिचडी वाढताना तिनं माझा पदर ओढला. बराच वेळ ओठ हलवत राहिली, मग एका दमात म्हणाली,

"बाई, आजीचं भांडण अजून संपलं न्हाय?"