गणपतीत म्हटलेलं जपानी गाणं

सत्तरच्या दशकात बाबांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने जपानहून त्या वर्षी तिथे गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड आणली आणि मला वेडच लागलं. अर्थ एका शब्दाचाही कळत नव्हता, पण माझं काही अडलं नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीत बाकीच्या मुली रडकी भावगीतं गायल्या. मी त्या रेकॉर्डवरचं सगळ्यात लाडकं गाणं ठणकावून म्हटलं. टाळ्या कडकडल्या.

पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक बाई म्हणाल्या, “बंगाली किती छान शिकलीस गं!” पाठोपाठ आमच्या शेजारच्या बंगाली काकू आल्या. मराठी भाषा इतकी गोड असते, हे त्यांना आजच कळलं होतं.

रेकॉर्डच्या कव्हरवरची गायिका वाकलेली होती तशी कमरेत वाकून मी दोघींचेही आभार मानले.