युनानीचं चाक

दुसऱ्याचं अक्षर पाहताना युनानी एक डोळा मिटायचा. तो डोळा उघडेपर्यंत समोरच्याचा जीव टांगणीला. मग निकाल यायचा, "उभं हाय. बसलं नाई." माझं एकही अक्षर त्याच्या लेखी कधी बसलं नाही.

अमरावतीत आम्ही दोघं छापखान्याच्या एकाच गाळ्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचो. कापसानं दगा दिलेल्या त्या वर्षांत लग्नं पुढे ढकलली जात होती आणि पत्रिकांचं काम आटलं होतं. नेमकं तेव्हाच त्यानं बनवलेला उर्दू फॉन्ट पाहून परदेशातल्या एका प्राध्यापकांनी त्याला काम दिलं. प्राचीन ग्रीकांची, मातीच्या पाट्यांवर कोरलेली एक लिपी होती. का, पो, ती अशा एकेका उच्चाराला एकेक खूण, शिवाय माणूस, घोडा, चाक यांची चिन्हं. प्रत्येक खुणेला जगभरच्या कॉम्प्युटरांत स्वतःचा क्रमांक मिळणार होता आणि त्या क्रमांकापुढे छापायचे आकार हा काढणार होता. ग्रीकांचं काम करतो म्हणून गल्लीनं त्याचं बारसं केलं, युनानी, म्हणजे उर्दूत ग्रीक. एक म्हातारबुवा तर त्याला युनानी हकीम समजून पोटदुखीचं औषध मागायलाही येऊन गेले.

मी जळलो. याला दुसरा शब्द नाही. मी बसलो 'चि. सौ. कां.' जुळवत आणि याचा हात जगाच्या कॉम्प्युटरात जाणार! तो हे ओळखून होता. चहात बोट बुडवून टेबलाच्या काचेवर खुणा काढत म्हणायचा, "जळ, लेका, जळ. जळल्याशिवाय हात सुधरत नाई."

एकदा न राहवून मी म्हणालो, "एक तरी खूण मले दे." त्यानं चाक दिलं. मीही चहाच्या बोटानं काचेवर जीव ओतून काढलं. मधला तुंबा, त्यातून निघणारे भरगच्च आरे, वर लोखंडी पट्टीची धाव. त्यानं एक डोळा मिटून पाहिलं आणि पुसून टाकलं.

"हे आपल्या बंडीचं हाय बे. बैल कुठी जुंपतं? त्यायच्या रथाले चारच आरे."

मग त्यानं एक गोल काढला, आत एक फुली. प्राध्यापकांनी तेच पसंत केलं.

काम संपलं, खुणांना क्रमांक मिळाले आणि युनानी अकोल्याला स्वतःचं दुकान टाकायला निघून गेला. निरोप द्यायला मी गेलो नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं.

काही वर्षांनी अकोल्याला गेलो, तेव्हा पाय तिकडे वळलेच. दुकानाच्या पाटीवर नावाशेजारी एक चाक होतं. तुंबा, भरगच्च आरे, लोखंडी धाव. माझं चाक!

"हे तं तू पुसलं होतं ना बे?"

"पुसलं. पण डोक्यातून नाई गेलं," युनानी म्हणाला. "तिथं चारच आरे पायजे होते. पाटीसाठी लय वेळा मायं काढून पायलं, जमलं नाई. शेवटी तुयंच आठवून काढलं." मग तोंड फिरवून पुटपुटला, "तवापासून जळून राहिलो मी."

त्याला कडकडून मिठी मारावी असं वाटलं. पण त्याआधी मी एक डोळा मिटला, पाटीकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "उभं हाय. बसलं नाई. जळ, लेका, जळ."