ओळीतली रिकामी जागा

आमच्या कराटेच्या वर्गाला खताचा वास यायचा. पाटोद्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात फरशी घातलेली मोठी जागा एकच, सोसायटीचं गोडाऊन. एका बाजूला युरियाच्या गोण्यांची थप्पी आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. शिकवायचे ते सोसायटीचे सचिव. पुण्याला कॉलेजात असताना ते कराटे शिकले होते. गाव त्यांना सचिव म्हणायचं, आम्ही सर म्हणायचो.

सरांचं निम्मं कराटे म्हणजे फरशी पुसणं आणि नमस्कार करणं. कमरेतून वाकून करायच्या त्या नमस्काराला 'रेई' म्हणायचं. कौलं फोडणं, मिरवणुकीत उड्या मारून दाखवणं, असलं काही त्यांनी आम्हाला कधी करू दिलं नाही. एकदा मी हट्टच धरला तर म्हणाले, "कौलं घरावर घालायला असतात." विषय संपला.

ओळीचा त्यांचा एक नियम होता. जो वर्गात आधी आला तो उजवीकडे पहिला, मग त्याच्या मागून आलेला, असं शेवटपर्यंत. पट्ट्याचा रंग कोणताही असो, जागा बदलायची नाही. पहिल्याने 'रेई' म्हणायचं की सगळी ओळ सरांपुढे वाकायची. आणि जो आलेला नसेल त्याची जागा रिकामी सोडायची. दुसरीकडे ही बारीकशी गोष्ट असेल. आमच्याकडे दसरा झाला की निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. तोवर आमची ओळ दात पडलेल्या पोराच्या तोंडासारखी दिसायची. कुणी सरकून उभा राहिला की सर त्याला मागे ढकलायचे. "तो गेलेला नाही, यायचा आहे," म्हणायचे.

पहिली जागा माझ्या मित्राची होती, दुसरी माझी. आम्ही दोघं बरोबरच नाव घालणार होतो, पण ऐन त्या दिवशी आई मला लिंबागणेशला दर्शनाला घेऊन गेली आणि हा पठ्ठ्या एकटाच जाऊन उभा राहिला. तेवढ्यावरून तो कायमचा माझा वरिष्ठ. हे मला किती खुपायचं ते मी कधी बोलून दाखवलं नाही. तो मात्र चिडवायचा. "देवाला गेलतास न्हवं? मग देवच तुला पहिला नंबर दील."

पुढे आम्ही मोठे झालो, मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं, तरी ओळ तीच होती. मग तो दुष्काळ आला. त्याचं घर तोवर कधी ऊसतोडीला गेलं नव्हतं. त्या साली विहिरीचा तळ दिसला आणि दसऱ्यानंतर तो बायकोला घेऊन मुकादमाच्या ट्रकमध्ये चढला. वरून ओरडला, "जागा सांभाळ बे माझी!"

"तुजी जागा काय कुणी खातंय व्हय?" मी म्हणालो.

थंडी सरता सरता सोसायटीने जनावरांची छावणी उघडली. सर दिवसभर तिथे. वर्ग त्यांनी माझ्यावर सोपवला आणि बजावलं, "बाकी सगळं आहे तसंच ठेव." मी पुढे, सरांच्या जागी, ओळीकडे तोंड करून उभा राहू लागलो. लवकरच माजलगावकडून उसाचे शेंडे भरून ट्रक आले आणि निम्मं गोडाऊन चाऱ्याने भरलं. जागा उरली नाही. पोरांच्या लाथा एकमेकांना लागायला लागल्या. तेव्हा मी सांगितलं, "सरका रे, रिकाम्या जागा भरा." तेव्हा खरंच अडचण होती, हे मी आजही म्हणेन.

पण पुढे छावणीजवळ मांडव पडला, चारा तिकडे गेला आणि गोडाऊन मोकळं झालं. ओळ मात्र मी पुन्हा फाकवली नाही. ओळीतल्या पहिल्याने म्हणायचा 'रेई'सुद्धा मीच पुढून म्हणू लागलो. मी म्हणायचं आणि सगळ्यांनी माझ्यापुढे वाकायचं. मला ते आवडत होतं, लई आवडत होतं. लाज वाटते ती याची, सरकवलेल्या ओळीची तेवढी नाही.

पाडव्यानंतर तो आला. आम्ही उभेच होतो. रापून काळा पडला होता, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते, पण पांढरा पोशाख धुऊन आणलेला. त्याने उजवीकडे बघितलं. तिथे एक कॉलेजातला पोरगा उभा होता. मी फक्त 'सरका' म्हणायचं होतं. तोंडात शब्द आला होता. तो एक क्षण थांबला, मग ओळीच्या मागून चालत गेला आणि डाव्या टोकाला, परवा नाव घातलेल्या चिल्लर पोरांच्याही पलीकडे उभा राहिला. मी 'रेई' म्हणालो. तो सगळ्यांपेक्षा खाली वाकला.

वर्ग सुटल्यावर मी त्याला गाठलं. "तिथं कावून उबा राह्यलास?"

"आरं, सहा म्हैने मी उसात. पयल्या नंबराचं काय घिऊन बसतोस?" तो हसला. "तू बरा शिकवतोस की."

तो भांडला असता तर मीही भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तो भांडला नाही. रोज येत राहिला आणि रोज टोकाला उभा राहत राहिला. मला 'उद्या सांगू' म्हणायची सवय लागली.

मग एका सकाळी सर आले. अंगाला शेणाचा आणि चाऱ्याचा वास होता. दारात त्यांनी चपला काढल्या आणि ओळीवरून नजर फिरवली. टोकाला तो दिसला तशी नजर थांबली. मी बाजूला झालो, म्हटलं आता पुढे येतील. ते आले नाहीत. चालत गेले आणि त्याच्याही डावीकडे, सगळ्यांत शेवटी उभे राहिले. हात मांडीला लावले आणि माझ्याकडे बघत 'रेई'ची वाट पाहू लागले.

शब्द एवढासा, पण निघेना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटत होतं फरशी फाटावी आणि मी आत जावं.

तेव्हा टोकाहून खणखणीत आवाज आला, "रेई!"

माझ्या मित्रानेच म्हटलं होतं. माझी अडचण त्याला कळली होती आणि त्याने ती निभावून नेली होती. सगळी ओळ वाकली. सर वाकले, तो वाकला, माझ्यापुढे.

वर्ग सुटल्यावर सर तसेच छावणीवर परत गेले. दुसऱ्या दिवशी मी ओळ पुन्हा लावली. पहिली जागा मोकळी केली आणि त्याला हाताला धरून तिकडे न्यायला गेलो. त्याने हात सोडवून घेतला. रागाने नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "हितं बरं हाय. बारकी पोरं चुकतेत, त्यांना सांगता येतं."

आता सर नाहीत. वर्ग मीच घेतो, त्याच गोडाऊनमध्ये. ओळीतली पहिली जागा कुणालाही देत नाही. दसऱ्यानंतर नवी पोरं तिच्याबद्दल विचारतात आणि मी सांगतो, तो गेलेला नाही, यायचा आहे. पाडव्याला तो येतो, पोशाख चढवतो आणि पहिली जागा तशीच सोडून टोकाला जाऊन उभा राहतो. मग ती रिकामी जागा कुणाची, हे पोरांना विचारावं लागत नाही. ती रिकामी का, हे मी सांगत नाही.