वस्तादांनी चोळलेली गाठ

मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा मी ती डॉक्टरला नाही, तालमीतल्या वस्तादांना दाखवली. आमच्या कोल्हापुरात शीर आखडो नाहीतर हाड सरको, पहिला हात वस्तादांचाच. "शीर चढलीया, तेल लावून उतरवू," म्हणाले. दोन महिने त्यांनी ती अशी रगडली, की एखादा दगडाचा म्हसोबा गुळगुळीत झाला असता. गाठ मात्र लिंबाएवढी झाली. तिच्यावर बोट दाबलं की मला खोकल्याची उबळ यायची. वस्ताद खूश. "बघ, आतला कफ सुटतोय!"

खरं सांगायचं तर डॉक्टरची मला भीती होती. मी शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर. माझा आवाज म्हणजे, खोटं वाटेल तर निम्मं सोडा, शिरोलीत हाक मारली की वारणानगरच्या म्हशी दूध चोरायच्या. जोतिबाच्या डोंगरावर आमच्या गल्लीची ललकारी मीच द्यायचो. मानेवर सुरी चालली आणि हा आवाजच गेला तर? म्हणून देवालाच साकडं घातलं, गाठ तेवढी विरघळव. बायको म्हणाली, "आवाज गेला तर गल्ली नवस फेडंल." पण हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

रविवारी दोघं डोंगरावर गेलो. देवळाच्या पायऱ्यांवर तिनं माझ्या मानेवरचा गुलाल पुसला मात्र, ठसक्यानं कासावीस होऊन मी खालीच बसलो. शेजारी एक अनोळखी मावशी प्रसाद खात होत्या. माझ्याकडं निरखून म्हणाल्या, "पावणं, गाठ दाबली की खोकला येतोय न्हवं?"

"व्हय की! तुम्हाला कसं कळलं? देवी हाय का काय तुम्ही?"

"कसली देवी! आजऱ्यात काजू सोलते मी." पदर सारून त्यांनी कानाखालचा पांढरा व्रण दाखवला. "माझी बी अशीच हुती. चोळू नका. आतला गर न मोडता काजूची साल काढतो, तशी काढत्यात डॉक्टर. जावा गुमान."

दुसऱ्याच दिवशी गेलो. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. आवाज चालवणाऱ्या नसेच्या आवरणातून वाढलेली साधी गाठ आहे. आवरण उघडून ती सोडवू, नस शक्य तितकी राखू, पण आवाजाची खात्री देत नाही. मालिशीचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. संमतीच्या कागदावर माझं पेन अडलं. देवाशी घासाघीस करण्यात माझा जन्म गेलेला; त्या दिवशी काही मागावंसं वाटलं नाही. "तुझंच आहे, ठेव नाहीतर ने," एवढं मनात म्हटलं आणि सही केली.

शुद्धीवर येऊन बायकोला हाक मारली, तर कोंबडीच्या पिलासारखी चीं निघाली. चार महिने आवाजाचे व्यायाम केले, तेव्हा कुठं बेडकापर्यंत मजल गेली.

मग पुन्हा डोंगरावर गेलो. गल्लीची माणसं सवयीनं माझ्या तोंडाकडं बघू लागली. मी श्वास भरला, घशातून नुसती हवा आली. तेवढ्यात चारचौघांत कधी आवाज न चढवणाऱ्या माझ्या बायकोनं पदर खोचला आणि "जोतिबाच्या नावानं" अशी ललकारी दिली, की शिखरावरची कबुतरं पन्हाळ्यालाच जाऊन बसली असतील. सगळ्यांनी "चांगभलं" केलं. इतकी वर्षं त्या घोषात मला फक्त माझंच ऐकू यायचं. त्या दिवशी तिचं ऐकलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं ऐकलं, आणि हात जोडून गप्प उभा राहिलो. गप्प राहणंही देवाला पोचतं, हे मला या वयात कळलं.

त्या मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. असतील तिथं त्यांचं चांगभलं होवो.