घरच्या सरीतला दुधी

कुरुंदवाडहून भाजी घेऊन येणाऱ्या त्या बाईंशी माझे वर्षभर एकच भांडण चालू आहे. त्यांच्यापुढे दोन पाट्या असतात. एक साध्या भाजीची, दुसरी दुप्पट भावाच्या सेंद्रिय भाजीची. ओल्या मातीचा वास दोन्हींना सारखाच. फरक विचारला की त्या कोथिंबिरीची जुडी झटकतात, "शंका हाय तर साधी घ्या की वैनी!" मी चिडते, आणि सेंद्रियच घेऊन येते.

परवा त्या पाटीतला नितळ, पोपटी दुधी मी उचलला. "नातवाचं उष्टावण आहे. पहिला घास याचाच भरवायचा."

त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीजवळच्या पिशवीतून दुसरा दिला. वाकडा, किडीने टोचलेला, अंगावर कोवळी लव असलेला.

"ह्यो न्या. घरच्या सरीतला. त्या सरीवर फवारा न्हाई मारत आमी."

"म्हणजे पाटीतल्यावर मारता?" माझा आवाज चढला. "मग वर्षभर मला काय दिलंत?"

"वरडू नगा. कुणासाठी न्हेताय, ते कवा सांगितलंत?"

संतापाने माझे कान तापले. तरीही तो वाकडा दुधी मी पदराखाली धरून, कुठे धक्का लागू न देता घरी आणला.